जाराखालचा चिखल

चार-पाच दिवस डोंगरात राहून आले म्हटलं की लोक विचारतात, बिबट्या दिसला का. अंग कसं धुतलंत, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर बिबट्यापेक्षा मांड्या जास्त छळतात. घामाचं मीठ बसतं, कपडा घासतो, कातडं सोलवटतं, आणि तिसऱ्या दिवशी चांगला धडधाकट माणूस बदकासारखा फेंगडा चालायला लागतो.

आम्ही पाचजण होतो. शिवराज लीडर. गारखेड्यात त्याचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे आणि सुट्ट्यांत तो असे ग्रुप नेतो. त्याची आत्या आशाबाई, साठीची, शेतात राबून कडक झालेली बाई. अप्पाराव काका, बँकेतून निवृत्त. सोनिया, आणि मी, सरिता. सोनिया आणि मी एकाच लॅबमध्ये आहोत. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासतो, एका टेबलावर डबा खातो. तिच्याच सांगण्यावरून मी या ग्रुपात आले.

दौलताबादेतून निघायचं, डोंगराच्या धारेनं उत्तरेला चालत राहायचं आणि लेणापूरच्या अंगानं अजिंठ्यावर उतरायचं. मुक्काम फर्दापूरला. अजिंठ्याला मी पोरवयापासून गेलेय, बसनं गेलेय, वस्तीतल्या ट्रकमध्ये उभी राहून गेलेय. पण पाठीवर स्वतःचं ओझं घेऊन, पायी, वरून त्या लेण्यांवर उतरायचं हे माझ्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. का, ते समजावत बसणार नाही. आमच्या घरात बुद्धाचा फोटो कुठं लावलाय हे ज्याला माहीत आहे त्याला समजेल.

फेब्रुवारी संपत आला होता आणि वरचे ओढे सगळे कोरडे. म्हणून शिवराजनं पाण्याची सोय लावली होती. सांडू नावाचा पिकअपवाला, जिथवर गाडी चढते तिथवर, प्रत्येक मुक्कामाला एक जार आणून ठेवायचा. तोच निळा जार, लग्नात असतो तसा, वर रुंद झाकण आणि खाली तोटी. स्वयंपाक त्यातून, दिवसाच्या बाटल्या त्यातून, आणि सकाळी प्रत्येकाला अंगासाठी एक मग. मग एकच, स्टीलचा, जारच्या दांडीला टांगलेला.

"एक माणूस, एक मग," शिवराजनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. "ज्याला शॉवर पाहिजे त्यानं घरी बसायचं होतं."

मला एक मग पुरतो. आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, तोही कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. आमची आई चंपाबाई, तिनं आम्हा भावंडांना एवढ्याशा पाण्यात माणसात आणलं. पंचाचं टोक भिजवायचं, पिळायचं. आधी तोंड, मग मान, मग काखा, मग जांघा, शेवटी पाय. उलटं गेलात तर पायाची घाण तोंडाला. साबण लावायचाच नाही, कारण अंगावरचा साबण काढायलाच बादली लागते. केसांना कोरडं बेसन चोळून फणीनं झाडायचे, तेल आणि घाम बेसन घेऊन जातं. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, मगच मोजे. पाळी चालू असेल तर थोडं पाणी जास्त लागतं, ते आपल्या पिण्याच्या बाटलीतून काढायचं. आणि आपल्या डब्याच्या तळाला जे उरतं त्यात आतले कपडे खळबळून सॅकवर वाळत टाकायचे. कुणाला लाज वाटली तर त्यानं पुढं बघून चालावं.

पहिल्या सकाळी मी टाचेच्या फोडाला पट्टी बांधत बसले होते, म्हणून पाणी सगळ्यांच्या शेवटी घेतलं. त्या दिवशी पाणी पुरलं. उलट थोडं उरलं, आशाबाईंनी ते एका रोपाला घातलं.

दुसऱ्या दिवसापासून शिवराजनं बायका आधी, पुरुष मागून असा क्रम लावला. आशाबाई, मग मी, मग सोनिया. अप्पाराव काका शेवटी. त्यांनी तोटी फिरवली तेव्हा मग अर्धासुद्धा भरला नाही. दिवसाची बाटली भरायची तर त्यांनी शिवराजच्या बाटलीतून मागून घेतलं.

"तोटी गळत असेल," शिवराज म्हणाला. त्यानं जार उलटापालटा करून पाहिला. तोटी कोरडी ठाक होती.

त्याच्या पुढच्या सकाळी परत तेच. या वेळी काकांना अंग पुसायला काहीच मिळालं नाही. म्हातारा चिडला, आणि चिडला की तो विनोद करतो.

"आपल्यात चोर हाय आन् चोराला नटायचा शौक हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. मी फणी करत होते.

मी हसले. दुसरं कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं की हे आधीच बोलून झालंय, माझ्यामागं.

चालताना मग मला सगळं वेगळं दिसायला लागलं. शिवराज पुढं चालायचा तो आता मधून मधून मागं वळून बघत होता. सोनिया माझ्याबरोबर चालायची ती काकांबरोबर चालायला लागली. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी पळस किती फुललाय असं काहीतरी म्हणायचं. पळस दर वर्षी फुलतो. त्यात एकमेकांना सांगण्यासारखं काय असतं?

दुपारी एका पडक्या देवळाच्या सावलीत थांबलो. शिवराज घसा खाकरून म्हणाला, "सरिताताई, एक विचारू का? राग मानू नका."

"राग येईल असं विचारणार असाल तर येणार."

"नाही म्हणजे, आपण सगळे इतके दिवस चालतोय. सगळ्यांचा वास येतोय. माझा येतो, काकांचा येतो. तुमचा येत नाही."

माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, का, तर म्हणे ही माणसं घाण. आणि हा दुकानदार मला विचारतोय, तुमचा वास का येत नाही.

"केस बघा की तिचे," सोनिया हळूच म्हणाली. "मोकळे आहेत. माझ्या डोक्याचा झाडू झालाय. सरू, मी तुझी मैत्रीण आहे म्हणून विचारते. घेतलं असशील तर सांग. आम्ही समजून घेऊ."

"काय समजून घेशील?"

"म्हणजे, तुमच्याकडं पाण्याचे हाल असतात. इथं दिसलं की माणसाला वाटतं..."

मी सॅक उघडली आणि सगळी जमिनीवर पालथी केली. पंचा. बेसनाची डबी. फणी. मोजे. पॅड. आतले कपडे, कालचे आणि आजचे. खोबरेल तेलाची बाटली. काकांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

"बघा ना काका. शौक आहे म्हणत होता. हा शौक."

आशाबाईंनी बेसनाची डबी उघडून वास घेतला. "भजी करती काय डोंगरात?"

"डोक्याला लावते आत्या. बेसनानं केस साफ होतात."

"व्हय? आन् पाणी?"

"पाणी लागतच नाही."

कुणाला पटलं नाही. माणसाला एकदा चोर सापडला की त्याला चोरी कशी झाली यात रस राहत नाही. शिवराजनं माझे मोजे माझ्या हातात दिले आणि फार समजूतदार आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी डांबरी रस्त्यापाशी पोचतो आपण. सांडूची गाडी तिथं येणार आहेच जार न्यायला. तुम्हाला बरं वाटत नसेल तर तिच्यातून फर्दापूरला जा. आराम करा. आम्ही संध्याकाळी येतोच."

"मला बरं वाटतंय."

"ग्रुपमध्ये वाद नको, एवढंच माझं म्हणणं."

म्हणजे शेवटचा दिवस मला चालायचा नव्हता. अजिंठ्याच्या डोक्यावर पोचायच्या दिवशीच मला गाडीत घालून रस्त्यानं पाठवणार होते, आणि गारखेड्यात परत गेल्यावर सगळ्यांना माहीत होणार होतं की ती सरिता, ती पाणी चोरायची. लॅबमध्येसुद्धा. सोनिया कुणाला सांगणार नाही असं म्हणत म्हणत सगळ्यांना सांगेल.

मग मी पण सुरू केलं. त्यांनी माझ्यावर संशय घेतला तर मी काय साधू आहे? मी सगळ्यांवर घेतला.

आधी शिवराजवर. त्याची दाढी रोज गुळगुळीत. पण तो बॅटरीच्या मशीननं करत होता, मी आवाज ऐकला. मग आशाबाईंवर, आणि त्यांच्यावर तर मी मनातून खटलाच भरला. जुनी बाई, मोठ्या जमिनीच्या घरातली, माझ्या हातचा चहा त्यांनी एकदाही घेतला नव्हता. म्हणायच्या, सोसत नाय. रोज जेवण झालं की त्या तांब्या घेऊन मोठ्या दगडामागं जात आणि पदरानं तोंड झाकून परत येत. काहीतरी पूजाअर्चा, काहीतरी पाणी सोडणं. मी त्या संध्याकाळी मुक्कामावर जेवण आटोपताच, उजेड होता तोवर, त्यांच्या मागं गेले.

आशाबाई उकिडव्या बसून कवळी धुत होत्या. गालफडं आत गेलेली, तोंड नुसतं पोकळ. मला बघून त्यांनी ती घाईनं तोंडात बसवली.

"काय बघतीस गं?"

"काही नाही."

"पाणी माझ्या बाटलीतलं हाय. जारातलं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शिवराजला सांगू नगंस. त्याला वाटतं माझे दात हायेत. दातामुळंच आणलं त्यानं मला, म्हणला आत्या तू अजून ऊस खातीस." थोडं थांबून, "चा पण म्हणून नाय घेत मी. गरम लागला की हिरड्या सोलतात."

मी त्यांच्या तोंडात शिवाशिव घातली होती, आणि होते फक्त प्लॅस्टिकचे दात. वाईट वाटलं. पण फार नाही. असा संशय घ्यायला आम्हाला कुणी शिकवलं, तेही मला माहीत आहे.

परत येताना आशाबाई म्हणाल्या, "तुला एक सांगू का? काल आन् आज, दोन्ही सकाळी जाराखाली चिखल व्हता. अंग धुवायला तर सगळे पाणी घिऊन लांब जातात. मग जाराखाली चिखल का व्हावा?"

ही गोष्ट मी का नाही बघितली, असं मला झालं. चोरानं पाणी नेलं असतं तर जमीन कोरडी राहिली असती. इथं पाणी नेलंच नव्हतं. जागेवर सांडलं होतं.

सकाळी नवा जार दगडावर होता, खाली माती कोरडी. आशाबाईंनी मग भरून पाणी आपल्या तांब्यात ओतलं, मग परत टांगला आणि सावकाश बाजूला गेल्या. माझा नंबर आला. मी मग भरला, पाणी माझ्या डब्यात ओतून घेतलं, मग पुसून दांडीला टांगला आणि रोजच्यासारखी पळसाच्या झाडांकडं निघाले. मागं सोनिया गुणगुणत येत होती. मी झाडांपर्यंत गेले आणि वळून परत आले. परत यायला निमित्त हवं म्हणून पंचा मुद्दाम तंबूपाशी ठेवला होता.

सोनियाची पाठ माझ्याकडं होती. तोटी पूर्ण उघडी. आधी तिनं तोटीच्या कानावरून पाणी सोडलं, जिथं मी बोट लावलं होतं तिथं. मग मगात पाणी घेऊन खळबळून फेकलं. मग चुलीतली राख चिमटीत घेऊन मग आतून घासला, बाहेरून घासला, दांडी घासली. परत पाणी. परत फेकलं. परत पाणी. जाराखाली चिखल झाला होता आणि त्यात तिच्या चपला बुडू नयेत म्हणून ती पाय फाकवून उभी होती.

दोन वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. ती पाण्याची बाटली कधी माझ्याशी बदलत नसे, म्हणायची मला सर्दी होते. कुणाच्याही लघवीची बाटली ती हातमोजा घालून उचलते आणि आडनाव बघत नाही.

"सोनिया."

ती दचकली नाही. तोटी बंद केली, सावकाश. "अगं, मग चिकट झाला होता."

"आशाआत्यांनी घेतला तेव्हा चिकट नव्हता. मी पुसून टांगला."

"तसं नाही गं. मी सोमवार धरलेत. सासूबाईंनी सांगितलंय, व्रत आहे तोवर पाणी पाळायचं. कुणाचाही हात लागू दे, धुवावं लागतं. तुझंच असं काही नाही."

"माझा हात लागला तवा नाय धुतलंस," मागून आशाबाई म्हणाल्या. त्या पदराला हात पुसत आल्या होत्या. "पयल्या दिशी मी घेतलं, माझ्या मागून तू. नुसता झटकलास मग. ही पोरगी त्या दिशी शेवटी व्हती. आन् त्या दिशी पाणी उरलं व्हतं."

सोनियाचा चेहरा लाल झाला. "तुमची गोष्ट वेगळी, आत्या. तुम्ही घरच्यासारख्या."

शिवराज आणि काका येऊन उभे राहिले होते. काकांच्या हातात रिकामी बाटली. त्यांनी चिखलाकडं पाहिलं, मगाकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. कारण हे समजायला आपल्याकडं कुणालाही वेळ लागत नाही.

आशाबाईंना मात्र देवी करू नका. त्यांचं पुढचं वाक्य असं होतं, "आमच्या आईनंबी जल्मभर धुतलं. पण तिच्या दारात हीर व्हती. तू जारावर कशाला करतीस हे धंदे?"

शिवराजनं दोन्ही हात वर केले, भांडण सोडवणाऱ्या माणसासारखे. "ठीक आहे. गैरसमज झाला. विषय संपला."

"कोणता गैरसमज?" मी विचारलं. "मी चोर आहे हा, का ती धुते हा?"

"आता वाढवू नका ना ताई. तिचं व्रत आहे. श्रद्धेचा प्रश्न असतो."

"काल मला माझी चड्डी जमिनीवर मांडावी लागली तेव्हा कशाचा प्रश्न होता?"

तो घड्याळ बघायला लागला.

मी माझ्या डब्यातल्या पाण्यानं हात धुतले. कोपरापर्यंत, नखं घासून, लॅबमध्ये धुते तसे. माझं आजचं सगळं पाणी त्यात गेलं. मग जारचं झाकण फिरवून काढलं आणि दोन्ही हात आत घातले. पाणी गार होतं. मी हात तळापर्यंत नेले आणि तिथंच ठेवले.

"ए," शिवराज म्हणाला. "पिण्याचं आहे ते."

"माहीत आहे. मी पण तेच पिणार आहे." सोनियाला म्हणाले, "आता धू. तुझ्याकडं राख आहे."

पुढचं पाणी लेण्यांखाली. मधे दिवसभराचं ऊन. हे सगळ्यांना माहीत होतं.

मी हात काढले, माझी बाटली भरली आणि त्यांच्यासमोर प्यायले. काका जमिनीकडं बघत पुढं आले. "माफ कर गं बाई," ते तोटीला म्हणाल्यासारखं म्हणाले आणि बाटली भरली. आशाबाईंनी भरली. शिवराजनं सगळ्यांच्या मागून भरली, आणि झाकण लावताना माझ्याकडं न बघण्याची त्याला फार मेहनत पडली.

सोनियानं भरली नाही.

डांबरी रस्त्यावर सांडूचा पिकअप उभा होता. तो मला बघून खाली उतरला, माझी सॅक घ्यायला हात पुढं केला. "आओ ताई. शिवराजभैयाचा कालच फोन आलता, सरिताताईला घेऊन जा म्हणून."

"मी नाही बसत," मी म्हणाले.

"फिर कौन?"

सोनिया पुढं झाली. डोकं दुखतंय म्हणाली. पुढच्या सीटवर बसून तिनं सांडूची अर्धी प्यालेली बाटली उचलली. तो सांडू कोणाचा, कुठला, त्याची आडनावगोत्रं काय, काही विचारलं नाही. तोंडाला न लावता वरून घटाघटा प्यायली. गाडी गेली.

आम्ही चौघं चाललो. मी मुद्दाम शिवराजच्या मागं होते. त्याची बाटली पारदर्शक होती, सॅकच्या बाजूच्या जाळीत खोचलेली, आणि तिच्यातलं पाणी प्रत्येक पावलाला हिंदकळत होतं. काही तास उलटले. आशाबाई प्यायल्या, काका दोनदा प्यायले, शर्टाला पुसत. शिवराजची बाटली होती तशी गळ्यापर्यंत भरलेली. ऊन चढलं. त्याच्या मानेवर मीठ पांढरं दिसायला लागलं. तो बोलायचा थांबला. वाटेत एकदा त्यानं जिभेनं ओठ ओले केले, बाटलीला हात लावला, आणि हात परत काढून घेतला. कदाचित तो पाणी जपत असेल. लीडर लोक जपतात. कदाचित. मी दिवसभर हे कदाचित घोळवत त्याच्या मागं चालले.

मग डोंगर एकदम संपला. खाली नदीची कोरडी वळणं आणि समोरच्या कड्यात, एका ओळीत, लेण्यांची तोंडं. खालच्या माणसांच्या छत्र्या मुंगीएवढ्या. हे बघायला मी इतकी वर्षं थांबले होते, पण मी आधी शिवराजकडं बघितलं.

त्यानं बाटली काढली होती आणि झाकण उघडून ती तिरकी धरली होती, जमिनीकडं. "आता उतारच आहे," तो म्हणाला. "उगाच ओझं कशाला. खाली पाणी आहेच."

उतरायची वाट तिथं एका माणसाची होती. मी पुढं जाऊन वाटेत उभी राहिले.

"आधी प्या."

"खाली पितो ना."

"सकाळपासून प्यायला नाहीत. पायऱ्यांवर चक्कर आली तर तुम्हाला उचलायला मी चोर एकटीच तगडी आहे."

काका खोकले. आशाबाई दगडावर बसल्या, स्वतःची बाटली पुढं धरून म्हणाल्या, "पी की रं. का धुवून देऊ?"

मी बाजूला झाले नाही. खाली कुठंतरी गाईडचा आवाज घुमत होता. शेवटी त्यानं बाटली तोंडाला लावली. वरून नाही, ओठ टेकवून. एक घोट घेतला, थांबला, आणि मग बाटली ओठांवरून काढलीच नाही. तहान होती का भीती, का नुसती लाज, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी त्याच्यावर विश्वासही ठेवणार नाही.

त्याच्या गळ्याची गाठ खालीवर होत बाटली रिकामी होईपर्यंत मी बघितलं. तरी वाट सोडली नाही. वळले, आणि सगळ्यांच्या पुढं उतरायला लागले.